हौसाच्या ओटीतलं अंडं

हौसाला वेळकाळ म्हणून कधी कळला नाही. घरात उंबऱ्याचं अंडं टिचक्या मारायला लागलेलं, अंगण सारवून झालेलं, दादू उपाशीपोटी अंघोळीची वाट बघत बसलेला, आणि ही बाई भर अंगणात बसून गोधडी उसवत होती. आमची दोघींची गोधडी. एका उन्हाळ्यात दोघींनी मिळून शिवलेली. तिच्या लुगड्याचे तुकडे ती एकीकडे काढत होती, माझे दुसरीकडे.

"हौसा, हे काय मांडलंयस?"

"माझं मी घेऊन चाललेय, आक्का. तुमचं तुम्हाला ठेवतेय."

"गोधडीचं?"

"मग? वर गारठा असतो म्हणतो उत्तम."

"आणि अर्धी गोधडी पांघरणार व्हय? का अर्धं अंग हितंच ठेवून जाणारेस?"

ती हसली नाही. दोरा दातात धरून तोडला आणि टाका बोटांनी चाचपत पुढं सरकली. टाके तिला दिसत नव्हते. माझ्या हिरव्या इरकलीचा तुकडा तिनं तिच्या ढिगात टाकला होता. मी बघितला. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी ते गावभर सांगितलं असतं.

हौसा माझी धाकटी जाऊ. आम्ही दोघी एकाच यानातून या भुईवर उतरलो. ती तेव्हा नवी नवरी, आणि उतरताना तिनं माझ्या पायावर ओकलं होतं, तिथून आमचं जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. भाकरीवरून, चुलीवरून, शेळ्यांच्या नावांवरून. आमचे दोघींचे नवरे लवकर गेले. हिचा उत्तम शिकला आणि वरच्या वस्तीत नोकरीला लागला. वरची वस्ती म्हणजे आभाळात फिरते ती. रात्री आमच्या डोक्यावरून जाते, दिव्यांच्या माळेसारखी. हौसाला हळूहळू दिसेनासं व्हायला लागलं आणि वस्तीतल्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं की यावर इलाज नाही. तेव्हा उत्तमनं निरोप धाडला, आई, माझ्याकडं ये. पोरगा चांगला आहे. त्याला मी नाव ठेवणार नाही. पण खोली एक, नोकरी दिवसभराची, आणि खोलीला जी खिडकी आहे तिच्यातून दिसतो नुसता अंधार. शिवाय वर अंगाला वजन नसतं, तिथं गेलेलं म्हातारं हाड परत खाली उतरत नाही, ते मोडतं. गेली ती गेली.

आणि जायचा दिवस कुठला, तर अंडं फुटायचा.

उंबऱ्या म्हणजे काय ते आम्ही मागं सोडून आलो त्या मूळगावच्या लोकांना कळायचं नाही, म्हणून सांगते. तो इथलाच जीव. आपल्या घोरपडीसारखा खवल्यांचा, पण सहा पायांचा, आणि मोठा झाला की वासराएवढा. दिवसरात्र उंबऱ्यावर पडून असतो म्हणून त्याला उंबऱ्या म्हणतात. बघणाऱ्याला वाटावं आळशी आहे. पण तो पोटानं ऐकतो. या भुईत पोखरे आहेत, ते जमिनीतून भोकं पाडत येतात, शेळीचा पाय धरून तिला आत ओढतात, घराच्या भिंती खचवतात. पोखरा वेशीबाहेर असतानाच उंबऱ्याला कळतं. मग तो उठतो, शेपूट जमिनीवर आपटतो, आणि पोखरा वाट बदलतो. ज्या घराला उंबऱ्या नाही ते घर इथं टिकत नाही. आमच्या सासऱ्यांचा उंबऱ्या म्हातारा होऊन मेला, आणि वर्षाच्या आत आमच्या गोठ्याचा कोपरा खचला, पांढरी शेळी गेली.

इथं सूर्य दोन, म्हणून आमच्या गावाचं नाव दोनसावली, आणि गावात अंडी पाळीपाळीनं मिळतात. आमची पाळी यायला मी डोळ्यांत तेल घालून वाट बघितली होती.

आता यातली मेख अशी की, अंड्यातून बाहेर आल्यावर तो पहिल्यांदा ज्याच्या तळहाताचं मीठ चाटतो तो त्याचा माणूस. त्या माणसाचं घर ते त्याचं घर. म्हणून घरातला तरणाताठा गडी अंघोळ करून, हात कोरडे ठेवून अंडं ओटीत घेऊन बसतो. त्याचा माणूस मेला तर उंबऱ्या सोसतो. इथं जाळायला लाकूड नाही, आम्ही अंगणातच पुरतो, तो त्या जागेवर जाऊन बसतो आणि घर राखत राहतो. पण माणूस जिवंतपणी भुई सोडून गेला तर मात्र नाही. तो पोट टेकून त्याच्या पावलांचा आवाज शोधत राहतो, आणि सापडला नाही की खाणं टाकतो. त्याला सोबत न्यावं म्हटलं तर तेही नाही, भुई सुटली की तो मरतो. मेलेल्याची राखण तो करतो, गेलेल्याची नाही.

आमच्या घरात दादू, माझा मुलगा, त्याचा माणूस व्हायचा होता. लहानपणापासून वाट बघत होता बिचारा.

अंडं ओसरीवर टोपलीत होतं, गरम वाळूत. टिक. मग बराच वेळ काही नाही. मग टिक.

"आई, अंघोळ करू का?" दादू म्हणाला.

मी बघितलं तर शेळ्या जीभ काढून उभ्या होत्या. मी अंघोळीची घागर उचलली आणि त्यांच्या डोणीत ओतली.

"पाणी संपलं," मी म्हणाले. "खालच्या झऱ्यावर जा आणि घेऊन ये."

"वरच्या टाकीचं आणतो की. हे काय, हितं आहे."

"टाकीचं नको. उंबऱ्याच्या माणसाला झऱ्याचंच पाणी लागतं."

"हे कधी ऐकलं नव्हतं."

"तू काय काय ऐकलंयस ते मला ठाऊक आहे. जा. अंडं दिवस मावळेस्तोवर हलत नाही."

तो गेला. झरा लांब आहे, आणि दादू चालतो सावकाश, बापासारखा.

हौसानं तोवर गोधडीचे दोन ढीग केले होते आणि पत्र्याची पेटी भरायला घेतली होती. मी आतून खडेमिठाचं मडकं आणून तिच्यापुढं ठेवलं.

"हे ने थोडं."

"मीठ? वर मीठ मिळत नाही का?"

"मिळतं. पण उत्तम मागं म्हणाला होता, कागद खाल्ल्यागत लागतं. पिशवीत भर. मुठीनं भर, डावानं सांडतेस."

"मी कुठं सांडते?"

"काल सांडलंस. चुलीपाशी पांढरं झालं होतं."

"ते पीठ होतं."

"तुला दिसलं होय?"

असं बोलायला नको होतं, पण माझी जीभ तशीच आहे. ती मुठीमुठीनं मीठ भरू लागली. मी तिथंच उभी राहून बघत होते. हात तिचे बारीक झाले होते. डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग होता, तो मागच्या महिन्यातला, तव्याचा अंदाज चुकला तेव्हाचा.

पिशवीचं तोंड तिनं बांधलं तशी मी कमरेवर हात ठेवून कण्हले.

"आई गं. धरली बघ कंबर."

"बसा मग."

"बसून कसं चालंल? टोपलीतली वाळू गार झालीय. चुलीवरची गरम वाळू आणायला पाहिजे. तू असं कर, तोवर अंडं ओटीत धर."

"मी?"

"दुसरं कोण आहे हितं? शेळीच्या मांडीवर देऊ?"

"अहो पण फुटलं तर?"

"आत्ता कसं फुटंल? टिचक्या बघ किती लांब लांब येतायत."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"तुझ्यापेक्षा दोन उन्हाळे जास्त कळतंय. धर."

मी अंडं तिच्या ओटीत दिलं. नारळापेक्षा मोठं होतं, मऊसर कातडी कवचाचं. तिनं दोन्ही हात त्याच्याभोवती धरले, पोर धरावं तसे.

मी आत गेले. चुलीवरची वाळू गरम होतीच. तरी मी कालथ्यानं ढवळत बसले. बाहेरून टिक आली. मग बराच वेळ नाही. मग टिक, टिक. आणि मग तो आवाज बदलला. फुटायच्या आधी टिचकी थांबते आणि खरखर सुरू होते, आतून नख घासल्यासारखी. ही खूण सासूबाईंनी आम्हाला दोघींना एकाच दिवशी शिकवली होती.

मी हाकेची वाट बघितली. तिनं हाक मारली नाही.

मग एकदम आवाज आला, "आगं बाई!"

मी बाहेर आले. हौसाच्या ओटीत ओला, नव्या पितळेच्या रंगाचा एक जीव पडला होता. सहाही पाय एकमेकांत अडकलेले. डोकं धड उचलता येत नव्हतं त्याला, पण निळी जीभ बाहेर आली होती आणि तो तिचा तळहात चाटत होता. एकेक बोट करत, अगदी मन लावून.

"आक्का, जीभ खरखरीत आहे हो," हौसा म्हणाली. "मांजराची असायची ना मूळगावी, तशी."

"काय केलंस हे!" मी ओरडले. मोठ्यांदा ओरडले, शेजारी ऐकू जाईल असं.

"मी कुठं काय केलं? तुम्हीच दिलंत ना ओटीत!"

तेवढ्यात दादू आला. त्यानं बघितलं. घागर आधी नीट खाली ठेवली, पाणी इथं कुणी सांडत नाही, आणि मग तिच्यापुढं उकिडवा बसला.

"काकू, हे माझं होतं."

"घे रे, घे बाबा," हौसा घाबरली. "अजून वेळ गेली नसंल. हात कर पुढं. चाट रे, ह्याचा हात चाट. हा तुझा माणूस."

दादूनं हात पुढं केला. पिल्लानं जीभ लावली, थोडं थांबलं, आणि तोंड फिरवून परत हौसाकडं वळलं. तिच्या चोळीच्या बाहीतून आत शिरायला बघू लागलं.

दादूचा हात तसाच राहिला हवेत. मग त्याची नजर डोणीकडं गेली.

"आई, शेळ्यांपुढं अंघोळीचं पाणी कुणी ओतलं?"

"तहानल्या होत्या."

त्यानं माझ्याकडं बघितलं. बापाचे डोळे आहेत त्याचे, फार वेळ बघवत नाही त्यांच्यात. उठून तो गोठ्यात गेला. पुढं कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलला नाही. त्याचा राग खरा होता, आणि मी तो काढायला गेले नाही.

गाडीचा भोंगा वाजला. यानतळावर न्यायला रंगनाथ आला होता. आमच्याच गावचा पोरगा, तोंडाचा फटकळ.

"काकी, आटपा! यान काही तुमच्या पाहुण्यांचं नाही, थांबायला."

अंगणात पाय ठेवला आणि त्यानं पायताण काढलं. नवा उंबऱ्या दिसला की इथं सगळेच काढतात.

"आयला, फुटलं व्हय? दादूला धरलं?"

पिल्लू हौसाच्या मानेपाशी नाक खुपसून बसलं होतं. रंगनाथच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"काकी... तुम्हाला?"

"चुकून झालं," हौसा म्हणाली.

"आता हो? न्यायला तर येत नाही त्याला. यान उचललं की..."

"मला ठाऊक आहे रे. मला काय सांगतोस."

"आणि तुम्ही गेला तर हितं हा..."

"ठाऊक आहे म्हटलं ना."

माझा जीव तेव्हा कुठं होता ते मलाच माहीत. हौसा हट्टी. ठरवलं की ठरवलं. ती उठून गाडीत बसली असती तर जनावर गेलं असतं, ते गेलं की आमची पाळी परत कधी आली असती कोण जाणे, घर राहिलं नसतं. आणि हौसा तर गेलीच असती. एका घागरीवर मी सगळं लावून बसले होते.

तिनं पिल्लू हळूच खाली ठेवलं. पेटी उचलली. चालायला लागली.

मी ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिले. पिल्लू तिच्यामागं निघालं, पण पायांचा मेळ नव्हता त्याच्या, पडत होतं, उठत होतं. दारापर्यंत आलं आणि तिथं थांबलं. पोट जमिनीला टेकलं, डोळे मिटले. कुणी शिकवलं नाही, काही नाही. तिचं पाऊल पडेल तसं त्याच्या पाठीवरचं एकेक खवलं हलत होतं.

हौसा गाडीपाशी गेली. दारावर हात ठेवला. माझ्या तोंडात शब्द आला होता, राहा म्हणून. दोनच अक्षरं. पण जन्मात तिला मी असं काही म्हटलं नव्हतं, आणि ते ओठांपर्यंत येऊन अडकलं.

ती तशीच उभी राहिली. पाय हलवेना. तिचं पाऊल थांबलं तसं पिल्लानं डोकं वर केलं आणि एक आवाज काढला, बारीक, दार करकरावं तसा.

हौसानं पेटी खाली ठेवली.

"रंगनाथ, उत्तमला निरोप दे. म्हणावं, आंधळ्या बाईच्या गळ्यात जनावर बांधलंय लोकांनी. टाकून येता येत नाही. त्याला आईला बघायचं असंल तर त्यानं यावं, त्याची हाडं अजून तरणी आहेत."

"एवढा मोठा निरोप वर न्यायचा?"

"जड होतोय काय तुला?"

"नाही हो, काकी," तो म्हणाला. पायताण हातातच घेऊन गाडीत बसला आणि गेला.

हौसा परत आली ती चाचपडत आली. दारात तिचा पाय पिल्लाला लागला तशी ती खाली बसली. पुढं ते जनावर चांगलं थोराड झालं. ती त्याच्या पाठीच्या कण्यावर हात ठेवून गोठ्यात जायची, झऱ्यावर जायची, माझ्याशी भांडून शेजारी जायची, आणि तो खड्डा आला की आडवा उभा राहायचा. पण तेव्हा तो तिच्या पावलांवर मावला, आणि झोपला.

मी पेटी आत नेऊन ठेवली. सावल्या लांब झाल्या होत्या, दोन्ही एकाच बाजूला. मी तिच्याजवळ उंबऱ्यावर बसले.

ती म्हणाली, "आक्का, आवाज बदलला तेव्हा तुम्ही चुलीपाशी होता."

"होते."

"तुम्हालाही ऐकू आला असंल."

"वाळू ढवळत होते. वाळूचा आवाज होतो."

"टोपलीतली वाळू गार झाली नव्हती. मी हात घालून बघितला होता."

मी पदर सारखा केला.

"आणि शेळ्यांना पाणी मीच पाजलं होतं सकाळी," ती म्हणाली. "पोटभर."

"मग एवढं सगळं कळत होतं तर अंडं खाली का नाही ठेवलंस? मला हाक का नाही मारलीस?"

ती बोटानं पिल्लाचं कपाळ चोळत होती.

"डोळे गेलेत, कान नाही गेले. खरखर सुरू झाली तशी मी मिठाचा हात पदराला पुसायला घेतला," ती म्हणाली. "आणि नाही पुसला."

अंगणात कुणी नव्हतं. गोठ्यात दादू कसलं तरी लाकूड ठोकत होता, रागानं.

"नुसतं राहा म्हणाला असता तर काय झालं असतं तुमचं?" हौसानं विचारलं.

"राहिली असतीस?"

"नाही. जावेच्या घरात आंधळी होऊन, दया म्हणून? कध्धी नाही."

"मग?"

"मग काय. आता ह्याच्यासाठी राहिलेय. तुमचा काही संबंध नाही."

तिचे डोळे वाहत होते. दिसत नसलेले डोळे वाहतात कसे, मला नवल वाटलं. मी पदरानं तिचं तोंड पुसलं, जरा जोरातच पुसलं.

"लबाड आहेस तू, हौसा," मी म्हणाले. "लग्न होऊन आलीस तेव्हापासून लबाड आहेस. आणि हे घर एकट्या लबाडाच्यानं चालण्यासारखं नाही."